थोरली नको म्हणते

टीव्ही त्याला, फ्रिज तिला. कपाट तिला, गाडी त्याला. आणि पोरींचं काय, तर थोरली तिला, धाकटी त्याला. झाला निकाल! दोन वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे नवराबायको या एका गोष्टीवर असे चुटकीसरशी एक झाले, की कोर्टाच्या व्हरांड्यात दोन्हीकडच्या वकिलांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. नवऱ्याच्या वकिलानं तर मशीनमधला चहा विरोधी पक्षालाही पाजला. गोड बोलून गळा कापण्यात त्याचा हात धरणारा त्या इमारतीत दुसरा नव्हता, म्हणून पाठीमागे सगळे त्याला गोडबोल्या म्हणत.

"एकास एक," गोडबोल्या म्हणाला. "याहून न्याय तो कोणता?"

जणू पोरी म्हणजे बशा. सहाचा सेट, तीन तुला, तीन मला.

वकीलबाई समोरच येरझारा घालत होत्या. त्या थोरलीच्या वकील. आईबापांच्या भांडणात पोराची बाजू कुणी मांडायची, म्हणून कोर्टच असा वकील नेमून देतं. थोरली अकरा वर्षांची, म्हणून तिला वकील मिळाला. धाकटी पाच वर्षांची. तिला नाही मिळाला. दुधाचे दात पडल्यावरच माणसाला मत फुटतं, असा कोर्टाचा समज असावा.

"बाई, बसा हो जरा," गोडबोल्या म्हणाला. "फरशी झिजेल सरकारची."

"झिजू दे. तुमच्या तडजोडीवर सही होऊ देणार नाही मी आज."

"तुमचा अर्ज वाचला. डोळ्यांत पाणी आलं."

"कुणाच्या? मगरीच्या?"

तो खो खो हसला. अपमान अंगाला लागू न देणं हा त्याच्या धंद्याचाच भाग होता.

वाटणीची बातमी कानावर आली त्याच दिवशी वकीलबाईंनी अर्ज ठोकला होता: बहिणींची ताटातूट करू नये. इतक्या वर्षांत त्यांनी एकाही घरातली भावंडं तोडू दिली नव्हती. आईबाप तुटले तर तुटले, भावंडं एकत्र राहिली की पोरं तगतात, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आणि ते बहुतेक वेळा खरंही होतं. बहुतेक वेळा खरं असलेल्या गोष्टींनीच माणूस तोंडावर आपटतो.

त्यांची आणखी एक सवय होती. न्यायाधीशसाहेबांसमोर जे बोलायचं ते आधी पोराला वाचून दाखवायचं, शब्दन् शब्द. पोर म्हणेल "हे कापा," की कापायचं. बाकीचे वकील या सवयीला हसत. यावेळी मात्र अर्ज आधी गेला आणि वाचून दाखवायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, गरजच वाटली नाही. बहिणीपासून तोडू नका, यात पोरीला काय विचारायचं? तहानलेल्याला पाणी देऊ का, असं कुणी विचारतं का?

तरी सवय ती सवय. पुकारा व्हायला अवकाश होता, म्हणून त्या मुलांच्या खोलीत गेल्या.

मुलांची खोली म्हणजे जुन्या फायली ठेवायची खोलीच. भिंतीवर हिरवं झाड रंगवलं, त्याला एक माकड लटकवलं की झाली मुलांची. थोरली खुर्चीवर होती आणि धाकटी तिच्या मांडीवर. मांडीवर म्हणजे अंगावरच. पाय जमिनीला टेकत होते तरी सगळं ओझं बहिणीवर टाकून ती लोळत होती. थोरली तिच्या केसांतली गाठ सोडवत होती. वकीलबाईंना बरं वाटलं. मनात म्हणाल्या, हे साहेबांनी एकदा बघायला हवं.

"हिला जरा बाहेर बसवू या का? आपल्याला बोलायचंय."

"ताई, मी नाही जाणार," धाकटी म्हणाली.

"जा ग. आलेच मी."

"खरं?"

"खरं."

शिपायानं तिला दाराबाहेर बाकावर नेऊन बसवलं. वकीलबाई भरभर वाचू लागल्या. "दोघी बहिणींचा एकमेकींवर अतोनात जीव आहे. धाकटीवाचून राहणे थोरलीला अशक्य आहे. तिला वेगळे केल्यास तिच्या मनावर—"

"हे कापा."

"कुठलं? अतोनात? जरा जड आहे ना तो शब्द?"

"सगळंच."

वकीलबाईंना वाटलं, पोरीला नीट कळलं नाही. "अगं, हे तुमच्या दोघींसाठीच आहे. सही झाली तर ती बाबांकडे जाईल आणि तू आईकडे."

"माहितीये. आईनं सांगितलं. मला चालेल."

"चालेल?"

"वाटणी चालेल मला."

खोलीत पंखा होता, पण तो फिरण्यापेक्षा कुरकुरतच जास्त होता. वकीलबाई उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. कुणी पढवलं असेल? बापानं? आईनं? पण दोघांना तर वेगवेगळं हवं होतं. आईला मनातून दोघी हव्या होत्या. तिनं वाटणी मान्य केली ती वकीलबाई ती होऊ देणार नाहीत या भरवशावर, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"तुला कुणी काही बोललं का, बाळा?"

"नाही."

"धाकटीशी भांडण झालं?"

"नाही. तुम्ही उलटं लिहिलंय, वकीलकाकू. मी तिच्याशिवाय राहू शकते. ती नाही राहू शकत."

वकीलबाईंच्या तोंडून निघून गेलं, "अगं, पण ती लहान आहे ना!"

थोरलीनं त्यांच्याकडे अशी नजर टाकली, की बाईंना आपली जीभ चावावीशी वाटली. हे वाक्य पोरीनं आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब त्या नजरेत होता.

"आई पण असंच म्हणते," ती म्हणाली. "बाबा पण. आजी यायची तेव्हा ती पण. आता तुम्ही."

"चुकलं माझं. सांग तू. मी मध्ये बोलत नाही."

आणि मग पोर बोलली. रडत नाही, काही नाही. बाजारातून काय आणलं हे सांगावं तसं. धाकटीला अंघोळ ती घालते. भरवते ती. आईबाबांचा आवाज चढला की तिला गॅलरीत नेऊन गोष्ट सांगते, आणि गोष्टीतला राक्षस मुद्दाम मोठ्यानं ओरडतो, म्हणजे आतलं ऐकू येत नाही. बाबा वेगळे राहायला गेले तेव्हा वाटलं, आता संपलं. संपलं कुठलं? शनिवारी बाबांकडे गेलं की तिथंही तीच. आई कामावर, बाबा फोनवर, आणि धाकटी तिच्या अंगावर. रात्री झोपताना धाकटी तिच्या मानेखाली हात घालते. तो काढला की उठते. म्हणून थोरली कूसच बदलत नाही.

"मला ती आवडते," थोरली म्हणाली. "पण मला एकटीला झोपायचंय."

यावर कायद्याच्या पुस्तकात काही नव्हतं. 'कूस बदलण्याचा हक्क' असं कलम अजून कुणी केलेलं नाही.

वकीलबाईंनी एकदा शेवटचा प्रयत्न केला. करायला नको होता, पण केला. "असं बघ, दोघी एकत्रच राहाल, पण तिचं सगळं मोठ्यांनी करायचं, असा हुकूम मागितला तर?"

"मोठे 'हो' म्हणतील."

"मग?"

"मग काही नाही. 'हो' म्हणतील, आणि ती मलाच हाक मारेल."

अकरा वर्षांची पोर. घरातल्या दोन पदवीधरांना आणि कोर्टातल्या तीन वकिलांना जे कळलं नव्हतं, ते तिला कळलं होतं, कारण ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

"साहेबांना हे सगळं सांगू?"

"नाही!" पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. "कुणालाच नाही. आईला वाटेल मी तिच्यावर तक्रार केली. आणि धाकटीला कळलं तर... तिला नका कळू देऊ. फक्त एवढंच सांगा, ती भेटायला आली की मी खेळेन. सांभाळणार नाही. मोठं माणूस घरात पाहिजे."

"एवढंच?"

"एवढंच."

पुकारा झाला तेव्हा वकीलबाईंच्या हातातला कागद घामानं मऊ पडला होता.

न्यायाधीशांची खोली लहान, आणि तीत माणसं दाटीवाटीनं. आई, बाप, त्यांचे वकील, आणि वकीलबाई. पोरी बाहेर. साहेब सर्दीनं बेजार होते.

"बोला. तुमची हरकत आहे ना?"

"होती. अर्ज मी मागे घेते."

गोडबोल्यानं भुवया इतक्या वर नेल्या की त्या टकलात मिसळल्या. आई खुर्चीत वळली. "मागे घेते म्हणजे?"

"कारण?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या पक्षकाराची तशी सूचना आहे."

"पक्षकार म्हणजे ती अकरा वर्षांची मुलगी?"

"हो. आणि तिनं कारण सांगायची परवानगी दिलेली नाही."

"वा!" गोडबोल्या म्हणाला. "घोडं इतके दिवस अडलं होतं, ते आपसूक चालायला लागलं."

आईचा चेहरा लाल झाला. "कसली वकील हो तुम्ही? विकत घेतलं का यांनी तुम्हाला? माझ्या पोरींची ताटातूट होतेय आणि तुम्ही..."

वकीलबाईंना उत्तर देता आलं असतं. एका वाक्यात त्या बाईला जमिनीवर आणता आलं असतं. पण ते वाक्य थोरलीचं होतं, आणि थोरलीनं नाही म्हटलं होतं. आयुष्यात इतका राग त्यांनी कधी गिळला नव्हता.

"माझी एक अट आहे," त्या साहेबांना म्हणाल्या. "बहिणींच्या भेटीच्या दिवशी घरात मोठं माणूस हजर पाहिजे. धाकटीचं खाणंपिणं, अंघोळ, झोप, सगळं त्या माणसानं बघायचं. थोरली फक्त खेळेल."

"म्हणजे काय?" बाप उसळला. "आम्ही काय पोरीला राबवतो?"

"तसं मी म्हटलेलं नाही."

साहेबांनी नाक पुसलं. मग बापाकडे पाहिलं, अगदी सहज. "धाकटी आजपासून तुमच्याकडे येणार. झोपताना काय लागतं तिला?"

बापानं बायकोकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं असेल. बायकोनं दाराकडे पाहिलं.

"थांबा," बाप म्हणाला आणि अर्धा उठला, "थोरलीला विचारून येतो."

बाप तसाच अर्धा उठलेला, खुर्चीच्या हातावर भार देऊन. आपण काय बोललो ते त्याला उशिरा कळलं, आणि कळल्यावर त्याला धड बसताही येईना.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. तडजोडीवर त्या दिवशी सही झाली नाही. धाकटीलाही स्वतंत्र वकील द्यायचा, कोर्टाच्या समुपदेशक बाईंनी रोज दोन्ही घरी जाऊन बघायचं, आणि पुढच्या तारखेपर्यंत थोरली आईकडे, धाकटी बापाकडे. वकीलबाईंची अट साहेबांनी जशीच्या तशी लिहून घेतली, आणि मग आईबापांना मोठ्यानं वाचून दाखवली.

बरं झालं की वाईट, ते वकीलबाईंना कळेना. धाकटीची वकील असते तर याच हुकुमाविरुद्ध मी टेबलावर चढून भांडले असते, असं त्यांच्या मनात आलं. ते मनातून जाईना.

बाहेर जे व्हायचं ते झालंच. बापानं धाकटीला उचललं, तशी तिनं किंकाळी फोडली. "ताई! ताई चल! ताई पण!" तिनं बापाच्या पोटात लाथा मारल्या, त्याचा चष्मा उडवला. व्हरांड्यातली सगळी माणसं थोरलीकडे बघू लागली. सगळी. शिपाईसुद्धा.

"बेटा," गोडबोल्या म्हणाला, "तू जरा समजाव ना तिला. तुझं ऐकते ती."

थोरलीचा एक पाय पुढे पडलाच होता. वकीलबाई मध्ये उभ्या राहिल्या.

"ती नाही समजावणार. बाप समजावेल."

"अहो, पण पोरगी—"

"पोरगी रडतेय, ते दिसतंय मला. बापाला हात आहेत, तोंड आहे. करू दे त्याला."

बापानं करून पाहिलं. वाईट केलं. "गप, गप, खेळणं आणू," असलं काहीबाही. शेवटी तो खाली फरशीवरच बसला, पोरीला मांडीत घेऊन, चष्म्याविना, आणि लाथा खात राहिला. मग केव्हातरी उठला आणि जिना उतरू लागला. किंकाळ्या मजल्यामजल्यानं खाली गेल्या.

आई भिंतीला टेकून हे बघत होती. ते दिसेनासे झाले, तशी तिनं थोरलीला कवटाळलं आणि तिच्या खांद्यावर डोकं टाकून हमसू लागली. "आता आपण दोघीच ग. तूच आता मला. तूच सांभाळ मला."

थोरली ताठ उभी. आईच्या वजनानं ती थोडी मागे झुकली, पाय रोवले, आणि तिचा हात हळूहळू आईच्या पाठीवर थोपटण्यासाठी वर जाऊ लागला. आईच्या डोक्यावरून तिनं वकीलबाईंकडे पाहिलं.

वकीलबाईंना तो वर जाणारा हात दिसला. हुकुमात आईबद्दल एक अक्षर नव्हतं.

त्या पुढे झाल्या आणि त्यांनी आईचा दंड धरला. "बाई, रडायचं ना? इकडे या. माझ्यापाशी रडा."

"हात सोडा. तुम्ही माझ्या वकील नाही."

"नाहीच. म्हणून तर म्हणतेय. हव्या तेवढ्या शिव्या द्या मला. तिला सोडा."

आईनं दिल्याही. काय वाटेल ते बोलली; वकीलबाईंच्या सात पिढ्या उद्धरल्या. पण शिव्या द्यायला तिला मान वर करावी लागली, आणि मान वर केली तेव्हा खांदा सुटला.

थोरली बाजूला झाली. बाकाच्या पार त्या टोकाला जाऊन बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. जिन्यातून अजून आवाज येत होता, तोच, "ताई, ताई." ती ऐकत होती. पण ती उठली नाही.