पेवाचं प्रकरण

मित्रांनो, मी एक जुनी ऐतिहासिक कादंबरी आहे. माझ्या मुखपृष्ठावर घोडा नाही, तलवार नाही, बुरूजही नाही. एक बाई आहे, कोपरापर्यंत कागदाच्या लगद्यात हात घातलेली. म्हणून मला हातात घेणारे बहुतेक जण म्हणतात, "हे कसलं ऐतिहासिक?" म्हणू द्या. मी उत्तर द्यायला खंबीर आहे.

माझ्या लेखिका इफ्फतबाई बाळापूरच्या एका शाळेत मराठी शिकवत. त्यांना लहानपणापासून ऐतिहासिक कादंबऱ्यांचं वेड. बहमनींचा काळ, मोगलांचा काळ, पेशव्यांचा काळ, जे हाती लागेल ते त्या वाचत. वाचता वाचता त्यांना एक गोष्ट खुपू लागली. प्रत्येक काळात दरबार होते, पण दरबारातली फर्मानं ज्यावर लिहिली जात तो कागद करणारी माणसं कुठेच बोलत नव्हती. मग त्यांनी स्वतःच लेखणी उचलली. आम्ही तिघी बहिणी. थोरली बाळापूरचा किल्ला बांधला जात होता तेव्हाची, धाकटी मूर्तिजापूरला शकुंतला ही छोटी रेल्वेगाडी आली तेव्हाची, आणि मधली मी, छप्पनच्या, म्हणजे संवत १९५६ (इसवी सन १८९९-१९००) च्या दुष्काळातली.

दुष्काळात लोक तरोट्याचा, म्हणजे टाकळ्याचा, पाला उकडून खात, असं इफ्फतबाईंनी वाचलं होतं. नुसतं वाचून त्यांचं भागेना. त्यांनी तो पाला आणला, बिनमिठाचा शिजवला आणि आठवडाभर तोच खाल्ला. मगच माझं पहिलं वाक्य लिहिलं. माझी नायिका जैनब कागद करणाऱ्या घरातली. गाव भुकेनं मरत असतं आणि पाटलाची पेवं, म्हणजे जमिनीखालची धान्याची कोठारं, भरलेली असतात. शेवटी जैनब गावच्या बाया घेऊन भर दुपारी पेवावर जाते. ते प्रकरण म्हणजे माझा जीव.

एका प्रकाशकानं कळवलं, "पात्रांना शुद्ध मराठी बोलू द्या." इफ्फतबाईंनी उलट कळवलं, "उपाशी माणूस घरच्याच बोलीत भाकर मागतो." मग मी अकोल्याच्या एका लहानशा छापखान्यात छापले गेले आणि मूर्तिजापूरच्या एका वाचनालयात आले. तिथे मी खूप फिरले. कुणाच्या हळदीच्या बोटांचे डाग अजून माझ्यावर आहेत. पुढे मात्र वाचक आटले आणि मी खालच्या फळीवर कसरीशेजारी पडून राहिले.

यंदा इफ्फतबाईंचं तिथे भाषण झालं आणि लोक मला पुन्हा मागू लागले. वाचनालयाचे अध्यक्ष वामनराव यांनीही मला पहिल्यांदाच वाचलं. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन थेट बाळापूरला गेले.

"बाई, हा पाटील म्हणजे आमचे आजोबाच. लोक हासून राहिले आमच्यावर."

"मी त्यांचं नाव घेतलं काय?"

"नाव नाही, पण पेवं त घेतली!"

"पेवं तर गावोगाव होती, वामनराव."

"कादंबरी त सारी खोटीच असते. एक प्रकरण काढलं त काय बिघडते?"

इफ्फतबाई शांतपणे म्हणाल्या, "खोटी असती तर तुम्ही इथवर आले असते काय?"

परतीच्या वाटेवर गाडीतच त्यांनी ते प्रकरण माझ्यातून ओढून काढलं. शिलाई तटतटली. मित्रांनो, मला दुखलं, हे मी लपवणार नाही. पण लाज त्यांना वाटायला हवी होती, मला नाही.

वाचनालयाच्या फळीवर परत ठेवलेल्या मला नंतर घरी नेलं ते जानरावांनी. ते कापसाचे शेतकरी. त्यांच्या पत्नी कौशल्याबाईंना नीट दिसत नसे, म्हणून ते मला रोज मोठ्यानं वाचून दाखवत.

"थांबले काहून? वाचा ना पुढं," कौशल्याबाई म्हणाल्या.

"पुढचे पानंच नाही वं."

"बाया पेवापाशी पोचल्या न तिथंच पानं फाडले? मंग मले कसं कळन काय झालं त?"

जानराव मला घेऊन वाचनालयात गेले. वामनराव म्हणाले, "फाटकं पुस्तक हाय, रद्दीत टाकू." "टाकू नका, मलेच द्या," असं म्हणून जानरावांनी मला उचललं आणि बाळापूर गाठलं. इफ्फतबाईंकडे माझी एकच धड प्रत उरली होती. तिच्यासमोर बसून जानरावांनी सगळं प्रकरण हातानं उतरवलं. नांगराची सवय असलेला हात, अक्षर ढेकळासारखं. ती पानं त्यांनी मला दाभणानं शिवली.

घरी मात्र त्यांनी ते वाचलं नाही; फाडलेलं ते चारचौघांतच वाचायचं, असं त्यांनी ठरवलं. वाचनालयाचा वार्षिक कार्यक्रम होता. इफ्फतबाईही आल्या होत्या. जानराव मला घेऊन सरळ मंचावर चढले आणि पेवाचं प्रकरण वाचू लागले. वामनरावांनी माईक बंद करायला लावला. वावराच्या या बांधावरून त्या धुऱ्यावर हाका मारणाऱ्या माणसाला माईक कशाला हवा? आवाज रस्त्यापर्यंत गेला.

"बंद करा हे!" वामनराव ओरडले.

कौशल्याबाई पदर सावरत उभ्या राहिल्या. "बसा भाऊ. मले आयकू द्या. मी लय दिवसाची थांबून हाय."

सभागृहातल्या बाया एकेक करून त्यांच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. तिकडे माझ्यातल्या बायांनी पेवाच्या तोंडावरची शिळा बाजूला सारली, जैनब आत उतरली आणि जोंधळ्याची पहिली टोपली वर आली. कौशल्याबाईंच्या तोंडून निघालं, "आलं माय धान्य!" वामनराव दारात उभे राहून शेवटपर्यंत ऐकत होते. त्यांना काय वाटलं ते मला ठाऊक नाही. विचारायला मी जाणारही नाही.

सभासदांनी मला परत वाचनालयात घेतलं. मित्रांनो, मला जपा. माझी पानं दुमडू नका, थुंकी लावून उलटू नका. पण जपायचं म्हणून मला कुलपात कोंडूही नका. फाडलेली कादंबरी आणि कुणीच न वाचलेली कादंबरी, दोघी सारख्याच मुक्या. आणि माझं एखादं पान तुम्हाला बोचलं, तर त्याला हात लावू नका. तुमची कादंबरी लिहा. मी तिला शेजारी बसवून घेईन. माझी जागा मात्र सोडणार नाही.