न वळणारी गाडी

दिवाळी सरली की माण तालुक्यातले मेंढके कोकणच्या वाटेला लागतात. बिराप्पाचा कळप दर वर्षी सातारच्या पेठेतून जायचा. गावाबाहेरून चांगला रुंद रस्ता होता, पण बिराप्पाचा बाप आतून जायचा, म्हणून बिराप्पाही आतूनच. त्याला दोन कान होते, त्यातला एक मेंढरांकडं आणि दुसराही मेंढरांकडंच. बायकोच्या वाट्याला काही उरत नसे.

त्या वर्षी पेठेच्या रस्त्यात लोखंडी रूळ बसले होते. जुन्या गावात धूर नको, गोंगाट नको, म्हणून विजेवरची ट्राम आणली होती आणि तिच्या चाचणीच्या फेऱ्या चालू होत्या. बिराप्पाची बायको हरणाबाई वाटेत चहापत्ती घ्यायला शालूबाईच्या दुकानात शिरली, तेव्हा तिला हे कळलं.

"आज आतनं नगा जाऊ," शालूबाई म्हणाली. "त्या गाडीचा आवाज न्हाई, का काय न्हाई. आन् ती लोखंड सोडत न्हाई बघा. म्होरं माणूस असू दे न्हाईतर म्हस, तिला बाजूला घेताच येत न्हाई."

हरणाबाईनं दाराबाहेर बघितलं. बाहेर घोडी उभी होती, आणि घोडीच्या पाठीवर, वाकळा-भांड्यांच्या वर, दोन वर्षांची नात प्रांजल लुगड्याच्या पट्टीनं बांधून बसवलेली होती. लेक मल्हार आणि सून दुसरा कळप घेऊन पुढं गेली होती. जाताना सून एवढंच म्हणाली होती, "आत्ती, तुमच्यावर सोडून चाललीया."

हरणाबाई पळतच नवऱ्याकडं गेली.

"आवं, भायेरनं जाऊ या. ती नवी गाडी वळत न्हाई म्हनं."

बिराप्पा हसला. "गाडी हाय म्हंजी वळंल. ट्रक वळतोय, यष्टी वळती. हीच काय टिकोजीराव लागून गेली? चल."

आणि कळप पेठेत शिरला.

हरणाबाई घोडीचा दोर धरून मागं चालली. तिची मान सारखी मागं वळत होती. ट्रक असता तर उतारावर घरघरला असता, यष्टी असती तर लांबून खडखडली असती. इथं मागं नुसता उताराचा रस्ता, ऊन आणि सायकलवाले. काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं, आणि त्यानंच तिला जास्त भ्यायला होत होतं. वर प्रांजल भांड्यावर हात आपटून आपली खुशीत होती.

घंटा वाजली ती अगदी पाठीशी. हरणाबाईनं बघितलं तर पांढरी, घराएवढी गाडी उतारावरून सरळ खाली येत होती.

बिराप्पानंही घंटा ऐकली, आणि जन्मभर जे केलं तेच केलं. मागून गाडी आली की तो रस्त्याच्या डाव्या अंगाला भिंतीशी जाऊन उभा राहायचा आणि साद घालायचा. सादेसरशी सगळा कळप त्याच्याभोवती गोळा व्हायचा, उजवी बाजू मोकळी व्हायची आणि गाडीवाला तिकडून निघून जायचा. या सादेनं आजवर एकही कोकरू चाकाखाली जाऊ दिलं नव्हतं.

रूळ डाव्या अंगानंच गेले होते.

"हुर्र्योऽऽ हाऽ!" बिराप्पा ओरडला, आणि मेंढरं रुळांवर दाटली.

"तिकडं नगंऽ! उजवीकडं! उजवीकडं!" हरणाबाई किंचाळली. घोडीही त्याच सादेवर वाढलेली. तिनं हिसडा दिला, दोर तळहात सोलून निसटला, आणि घोडी पोरीला घेऊन मेंढरांत घुसली.

हरणाबाई मेंढरं तुडवत मागं धावली. घोडीला ओढलं, ती हलेना. पुढं मेंढरं, बाजूला मेंढरं, हलणार कुठं? मग तिनं पोरीच्या कमरेची गाठ धरली. पोर पडू नये म्हणून सकाळी तिनंच दातांनी आवळून मारलेली गाठ. गाठ सुटेना. सुनेला काय सांगू, काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात घुमत होतं. काचेआडच्या चालकाचं उघडं तोंड दिसलं. तिनं टाचा उंचावून पोरीवर अंग टाकलं आणि डोळे मिटले.

लोखंड कर्कश ओरडलं. मेंढरं एकदम बेंबाटली. काहीतरी गरम तिच्या पाठीला टेकलं आणि थांबलं.

डोळे उघडले तेव्हा गाडीचं तोंड तिच्या पाठीशी होतं आणि पोर तिच्या छातीशी जोरात रडत होती. दोन मेंढरं चाकाखाली गेली होती. चालक, हिंदुराव नावाचा निवृत्त फौजी, खाली उतरला आणि उतरल्या उतरल्या रुळावरच बसला.

"बाई, मी बिरेक दाबला वं," तो म्हणाला. "पर वळवू कुठं? हिला वळवताच येत न्हाई."

कुणीतरी कोयता आणून गाठ कापली. हरणाबाईनं पोर कडेवर घेतली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की साद अजून चालूच आहे. भिंतीला पाठ लावून, डोळे ताठ करून बिराप्पा ओरडत होता, "हुर्र्योऽऽ हाऽ! हुर्र्योऽऽ हाऽ!" गाडी थांबलेली त्याला दिसत नव्हती, आणि आवाज काही केल्या तोंडातून थांबत नव्हता. मेंढरं अजून त्याच्या पायांशी दाटत होती.

अख्ख्या संसारात नवऱ्याला तिनं चारचौघांत कधी बोट लावलं नव्हतं. ती मेंढरांतून वाट काढत गेली आणि सोललेला तळहात तिनं त्याच्या तोंडावर दाबून धरला.

"बास," ती म्हणाली. "आवं, बास आता. पोर हाय. ही बघा, हाय."