शेऱ्याचा रकाना

डॉक्टर माणसाचं रक्त तपासतात, मी ट्रकांचं तेल तपासते. कॅन्ससमधल्या सलायना गावात, धान्याच्या कोठारांमागे आमची प्रयोगशाळा आहे. तिथे मी बावीस वर्षं एकाच खिडकीशी बसते. खुर्ची दोनदा बदलली, मी नाही. देशभरातून लोक इंजिनातलं जुनं तेल लहानशा बाटलीत भरून टपालाने पाठवतात. बाटलीभोवती एक छापील चिठ्ठी गुंडाळलेली असते. ट्रक कुठला, या तेलावर किती मैल झाले, इंजिन किती तास चाललं, वरून तेल घातलं का, असे रकाने. सगळ्यांत खाली शेऱ्याचा रकाना, दोन ओळींचा. मी आकडे काढते, त्यांच्याखाली चार ओळींत माझं मत लिहिते आणि व्ही. के. अशी सही ठोकते. व्हर्ला कोस्टाल.

ओझी ओढणाऱ्या मोठ्या पिकअप ट्रकांची दुखणी ठरलेली असतात. तेलात वाळू निघाली की हवेची जाळी फाटलेली असते. सोडियम निघालं तर इंजिन थंड ठेवणारं कूलंट कुठेतरी गळतंय. तांबं वाढायला लागलं की बेअरिंगने मान टाकायची तयारी केली समजा. मालक शपथेवर लिहितो की गाडीला कधी ट्रेलर जोडलाच नाही, आणि त्याच्या गिअरबॉक्सच्या तेलाला करपलेल्या पावाचा वास येत असतो. तेल खोटं बोलत नाही. माणसं बोलतात, आणि मला त्याचा फार राग येतो, म्हणून मी तेलात रमले.

आमचा मालक मेरिट. त्याचे नियम दोन. मत तेलाबद्दल द्यायचं, माणसाबद्दल नाही. आणि वर्ष झालं की जुन्या चिठ्ठ्या यंत्रात घालून फाडायच्या. बावीस वर्षांत मी त्याचा पहिला नियम पाळला, दुसरा एकाच गिऱ्हाइकापुरता मोडला.

ते गिऱ्हाईक म्हणजे ऑर्व्हल हेस्केथ, मुक्काम वायोमिंग, मेडिसिन बो गावाच्या उत्तरेला. एक टनी डिझेल पिकअप, मागे चार चाकं. एप्रिलमध्ये एक बाटली, ऑक्टोबरमध्ये एक, तेरा वर्षं, एकदाही चुकली नाही. लोक शेऱ्याच्या रकान्यात ‘आवाज येतो’ असं काहीतरी खरडतात, नाहीतर तो कोराच सोडतात. हेस्केथच्या चिठ्ठीत दोन ओळी हमखास असायच्या, बारीक, तिरप्या अक्षरात. ‘अकरा शिंगरं टॉरिंग्टनला पोचवली. एक परत येऊ बघत होतं.’ ‘चढावर गाडी धापा टाकते. या घरात सगळेच टाकतात.’ ‘कॅस्परहून परतताना नव्वद मैलांत एक शब्द नाही. रेडिओ बिघडला आहे.’ त्या धापांवर मी लिहिलं होतं की टर्बोकडची हवेची नळी बघा, बिचाऱ्याला श्वास पुरत नाही. पुढच्या बाटलीबरोबर उत्तर आलं: ‘नळीच होती. बिचाऱ्याने आभार मानले आहेत.’

मला दुसरं कुणी लिहीत नाही, हे सांगून टाकते. लग्न केलं नाही. भाऊ ओरेगनला असतो, नाताळला छापील कार्ड पाठवतो, त्यावर त्याच्या कुत्र्याचा फोटो असतो. बुधवारी कॅन्टीनला चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा रस्सा, आणि दालचिनीचा गोड पाव असतो, तो मी गाडीत बसून खाते, कारण टेबलाशी बसलं की कुणी बोलत नाही हे सगळ्यांना दिसतं. एप्रिल आणि ऑक्टोबर हे माझे वर्षाचे दोन सण. त्या सव्वीस चिठ्ठ्या मी खणात, हातमोज्यांच्या खोक्यात ठेवल्या होत्या. आयुष्यात मला आलेली पत्रं म्हणजे तेवढीच.

गेल्या ऑक्टोबरात बाटली आलीच नाही. डिसेंबरात आली. अक्षर मोठं, ठोकळ्यासारखं, पेन दाबून लिहिलेलं. थंडीने बोटं आखडली असतील किंवा हाताला लागलं असेल असं मी मनाशी ठरवलं आणि पुढे गेले. तेल पाण्यासारखं पातळ झालेलं, त्यात चार टक्के डिझेल. शेऱ्यात एवढंच होतं, ‘तेल कमी होण्याऐवजी वाढतंय.’ त्या जातीच्या इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर गळणं म्हणजे रोजचंच रडगाणं. मी लिहिलं, आठही इंजेक्टर बदला.

फेब्रुवारीत दुसरी बाटली आली. आठही बदललेले. डिझेल पाच टक्के, शेरा कोरा. तेरा वर्षांत पहिल्यांदा तो रकाना कोरा पाहिला आणि मला रात्रभर चुटपुट लागली. तरी लिहिलं काय, तर डिझेल पंपाचं सील गेलं असणार, पंप बदला.

मार्चमध्ये तिसरी आली. पंप बदललेला. डिझेल सहा टक्के. या वेळी शेरा होता: ‘तुम्ही म्हणाल तसं करतो. इंजिन उतरवू, की ट्रक भंगारात देऊ?’

माझ्या शब्दावर एक माणूस कडाक्याच्या थंडीत इंजिन उपसत बसला होता, आणि माझ्याच शब्दावर चांगला ट्रक भंगारात जाणार होता. मी तिन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी मांडल्या. आम्ही मैल बघतो, तासांकडे कुणी ढुंकून बघत नाही; तो रकाना नुसता छापलेला असतो. त्या ठोकळ्यासारख्या अक्षरात मात्र तो न चुकता भरलेला होता. शेवटच्या महिन्यात चाळीस मैल. दोनशे बारा तास.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी तीन महिने घालत होते. इंजेक्टर चांगले होते. पंप चांगला होता. ट्रक जागेवर उभा ठेवून इंजिन चालू ठेवलं जात होतं, रोज सात सात तास. असं गारठलेलं, ओझ्याविना चालणारं डिझेल इंजिन पुरतं तापतच नाही. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली तेलात उतरतं. ट्रकला काहीही झालेलं नव्हतं. चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली होती, तीही दोनदा.

हे चार ओळींत लिहिता आलं असतं. पण पहिला नियम आडवा आला, कारण इथे तेलाबद्दल बोलायचं तर माणसाबद्दल बोलावंच लागत होतं. चिठ्ठीवर फोन नंबर असतो. जेवणाच्या सुट्टीत मी आयुष्यात पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाला फोन लावला.

“हेस्केथ,” पलीकडून आवाज आला. मागे डिझेल इंजिनची घरघर.

मी सांगितलं की तेलाच्या प्रयोगशाळेतून बोलते आहे, व्ही. के.

मग तो म्हणाला, “बाई आहात होय तुम्ही?”

“जन्मापासून. आत्ता तुम्ही कुठे बसलाय?”

“ट्रकमध्ये.”

“आणि ट्रक कुठे आहे?”

“अंगणात.”

मी त्याला एका दमात सगळं सांगितलं. इंजिन उतरवू नका, भंगारात तर मुळीच देऊ नका, चूक माझी झाली, इंजेक्टर आणि पंप उगाच बदलायला लावले. तो शांतपणे म्हणाला की त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ते काम चाललं होतं ते आठ दिवस बरे गेले. त्या हिवाळ्यातले तेवढेच.

मग मला जे विचारायचं नव्हतं तेच मी विचारलं. “हेस्केथसाहेब, रोज सात तास अंगणात गाडी चालू ठेवून काय करता?”

“बसतो,” तो म्हणाला.

मग त्यानेच पुढे सांगितलं. त्याची बायको आर्डिस सप्टेंबरात गेली. परसात पडली आणि गेली, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. घरात राहवत नाही असं मात्र नाही, तो म्हणाला, घर ठीक आहे.

“पण घरात ती कधी बसलीच नाही, बाई. एक्केचाळीस वर्षं. मी जेवायचो, ती ओट्याशी उभी. मी टीव्ही बघायचो, ती वर कपड्यांच्या घड्या घालत. माझ्या शेजारी बसायची ती फक्त ट्रकमध्ये. घरात जाऊन मी आठवू तरी काय? बाहेर उणे वीस आहे, हीटरला इंजिन लागतं.”

मी पडले तेलातली बाई. मी म्हटलं की मला वाईट वाटलं. मग उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की तुमचे शेरे मला फार आवडायचे, गेले तीन महिने चुकल्यासारखं वाटतंय.

“कसले शेरे?”

“चिठ्ठीवरचे. खालच्या रकान्यातले.”

“मी फक्त आकडे सांगायचो,” तो म्हणाला. “चिठ्ठ्या आर्डिस भरायची. पोस्टात तीच टाकायची.”

मी खणातून खोकं काढलं. ते बारीक, तिरपं अक्षर, आणि आताचं ठोकळ्यासारखं. शेंबड्या पोरानेही एका नजरेत ओळखलं असतं. बावीस वर्षं मी थेंबभर तेलात दहा लाखात एक कण शोधते, आणि दोन अक्षरांतला फरक मला दिसला नाही, कारण मला तो दिसायला नको होता. ज्या माणसाची मी तेरा वर्षं वाट बघत होते ती बाई होती आणि ती सहा महिन्यांपूर्वी गेली होती. तिच्या नवऱ्याला मी नुसतं ‘वाईट वाटलं’ म्हणाले होते, आणि आता माझं मलाच रडू आवरेना.

“काय लिहायची ती?” त्याने विचारलं.

मी एकेक वाचून दाखवली. शिंगरांची वाचली तेव्हा तो हसला, म्हणाला, ते लालसर शिंगरू, आठवतंय. धापांची वाचली तेव्हा म्हणाला, हे मला म्हटलंय. रेडिओची मी वाचून गेले. इंजिन मागे घरघरत होतं.

“रेडिओ कधीच बिघडला नव्हता,” तो म्हणाला.

मेरिट काचेतून माझ्याकडे बघत होता. चाळीस मिनिटं झाली होती. मी हेस्केथला औषध सांगितलं. तेल आजच बदला. ट्रेलर जोडा, त्यावर काहीतरी जड चढवा, गवताचे गठ्ठे नाहीतर पाण्याची टाकी, आणि घाटाच्या चढावर घाला, इंजिन खरंखुरं तापू द्या. आणि उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणं बंद. तो म्हणाला की शिंगरं तर विकली, आता न्यायचं काय आणि कुठे. मी म्हटलं, दगड न्या, कुठेही न्या, ते माझं खातं नाही.

“बाई, त्या चिठ्ठ्या तुमच्याकडे राहतात का?” त्याने शेवटी विचारलं. “घरात तिच्या हातचं लिहिलेलं काहीच नाही. किराण्याच्या यादीनेसुद्धा ती शेगडी पेटवायची.”

खोकं माझ्या मांडीवर होतं. नियमाप्रमाणे फाडल्या, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मेरिटनेही मान डोलावली असती. माणसं खोटं बोलतात म्हणून मला राग येतो असं मी वर म्हटलंय, पण त्या क्षणी ते खोटं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मी म्हटलं, “आहेत. पाठवते.”

त्याच संध्याकाळी पाकीट टाकलं. पोस्टातून बाहेर आल्यावर बराच वेळ गाडीत बसून राहिले, मग लक्षात आलं आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

मेच्या सुरुवातीला हेस्केथची बाटली आली. तेलावर मैल अकराशे, तास एकतीस. डिझेल अर्धा टक्का, लोह आणि तांबं जागच्या जागी. त्या इंजिनाला अजून वीस वर्षं मरण नाही. शेऱ्याचा रकाना कोरा होता. मी चार ओळी लिहिल्या, सही केली आणि चिठ्ठी फाडायच्या चिठ्ठ्यांच्या टोपलीत टाकली.

आता एक राहिलं. त्या पाकिटात मी पंचवीसच चिठ्ठ्या घातल्या होत्या. सव्विसावी मी त्याला फोनवरही वाचून दाखवली नाही. त्याला लागेल म्हणून, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मला ती द्यायची नव्हती. ती तिची शेवटची, गेल्या वर्षीच्या एप्रिलची. तिच्यात ट्रकचा उल्लेखच नाही. ‘व्ही. के., तुम्ही बाई आहात असं फार दिवस वाटतंय. बिचारा असं दुसरं कोण म्हणेल? इथे वाऱ्याशिवाय बोलायला कुणी नाही. तुमचं नाव काय?’

तेव्हा मला वाटलं की एक पुरुष विचारतोय. मी सत्तावन्न वर्षांची, शुक्रवारी जाऊन केस रंगवून आले. पण मेरिटचा नियम होता, आणि लाजही वाटली, म्हणून ठरवलं की घाई नको, नाव ऑक्टोबरच्या बाटलीला सांगू. त्या चिठ्ठीला मी उत्तर लिहिलं ते असं: लोह ठीक. तांबं ठीक. हवेची जाळी स्वच्छ दिसते. पुढचं तेल नेहमीच्या वेळी बदला.