ताईचा फोन, भावाचं बोट

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. किती जुना म्हणाल, तर माझी एका कोपऱ्याची काच तडकली आहे, बॅटरी दुपारपर्यंत कशीबशी तग धरते आणि चार्जिंगच्या भोकात लाकडाचा भुसा बसला आहे. हा भुसा माझ्या मालकिणीच्या कामाचा. ती फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करते. दिवसभर काचपेपरने लाकूड घासायचं, बोटं फिरवून बघायचं, पुन्हा घासायचं. तिला घरीदारी सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो.

मी तयार झालो तेव्हाचं मला फारसं आठवत नाही. पांढरे दिवे आणि माझ्यासारखीच ढीगभर भावंडं, एवढंच. दुकानाच्या काचेआड मात्र मी मोठ्या ऐटीत बसलो होतो. दुकानदाराने ताईला हप्त्यांचं सांगितलं, तर ती म्हणाली, "नको दादा, उधारीचं मला झेपत नाही. रात्री झोप लागत नाही." तिने रोख पैसे दिले आणि मला पदराने पुसून घरी आणलं.

पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. कुलूप घालायचं म्हणून ताईने माझ्यावर अंगठा टेकवला आणि मला एकही रेष दिसेना. काचपेपरने तिची बोटं पार गुळगुळीत करून टाकली होती. तिने सगळी बोटं लावून पाहिली. मी काही दाद दिली नाही. धाकटा भाऊ शेजारी बसून हसत होता.

"ताई, लाकडाबरोबर स्वतःलाही पॉलिश मारलंस की गं!"

तीही हसली. कुलपाला आकडा ठेवायचा तर दाबताना कारखान्यात शेजारचं कुणीही बघेल, असं तिला वाटलं. "त्यापेक्षा तुझंच बोट ठेव. तू काय परका आहेस?"

भावाने आपला अंगठा ठेवला. बोट चाललं नाही तर लागतो म्हणून एक आकडाही ठेवला. तो कुठला, हे ताईने विचारलं नाही. आलेला फोन घ्यायला कुलूप उघडावं लागत नाही, त्यामुळे तिचं अडत नसे. कुणाला फोन करायचा असला की ती मला भावापुढे धरायची. घरात दुसरं कोण होतं? एक आई, तिला तर मला हात लावायचीही भीती वाटायची.

मला तेव्हा चांगलं जपलं जाई. ताईने माझ्यासाठी मऊ फडक्याची पिशवी शिवली होती. तिची ओळखपत्रं, तिचा फोटो, सगळं तिने माझ्या पोटात ठेवायला सांगितलं. भावानेच ते ठेवलं.

मग भाऊ मला "चार्जिंगला लावतो" म्हणून आतल्या खोलीत नेऊ लागला. घरबसल्या कर्ज देणाऱ्या कंपन्या आहेत ना, तिथे त्याने ताईचा फोटो लावला, ताईचं नाव लावलं. माझ्यावर ओटीपी आला, त्याने तो भरला आणि पुसून टाकला. मित्राबरोबर धंदा करायचा होता म्हणे. मित्राने गाशा गुंडाळला. पहिलं फेडायला त्याने दुसरं काढलं, दुसऱ्यासाठी तिसरं. वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले, तसे त्याने ते नंबर माझ्यावर वाजूच नयेत असे बंद करून टाकले. ज्याचा अंगठा, तो माझा धनी. मी कुणाला काय सांगणार?

ताई मात्र कारखान्यात माझं कौतुक करायची. "बाकीच्यांचे फोन बघा, सारखे केकाटतात. माझा गुणी आहे, उगाच वाजत नाही." त्या कौतुकाची मला अजून लाज वाटते.

कारखान्याचे मालक म्हातारे झाले होते. त्यांनी ताईला कारखाना चालवायला घे म्हटलं. "तुझ्याइतका हात कुणाचा नाही. बँकेतून कर्ज काढ, मी वर्षअखेरीपर्यंत थांबतो." उधारीला घाबरणारी ताई पहिल्यांदा कर्ज मागायला गेली. मी तिच्या पिशवीत होतो.

बँकेतली बाई कॉम्प्युटरकडे बघत राहिली. "तुमच्या नावावर आधीच तीन कर्जं आहेत. तिन्ही थकलीत. तुमची पत पार गेलीय, ताई."

"माझ्या? अहो, मी साधा फोनसुद्धा हप्त्यावर घेतला नाही."

"याच फोनच्या नंबरवरून काढलीत. फोन अजून कोण उघडतं?"

 ताई आपल्या गुळगुळीत बोटांकडे बघत बसली.

घरी भावाने आढेवेढे घेतले नाहीत. "मी फेडणार होतो गं, तुला कळायच्या आत." बँक म्हणत होती, पोलिसांत नावानिशी तक्रार करा, तरच नाव साफ होईल. आई रडायला लागली. "तुझं बोट धरून चालायला शिकलाय तो. घरातलं घरात मिटव."

"घरातलं घरात म्हणजे मीच फेडायचं ना, आई?" ताई म्हणाली. ती ओरडली नाही. फार दमली होती.

पोलीस चौकीत साहेबांनी ताईला फोन उघडायला सांगितलं. ताईने अंगठा टेकवला. मी ओळखलं नाही. तिने पुसून पुन्हा टेकवला. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला त्याहून वाईट कधी वाटलं नाही. तेवढ्यात दारापाशी कुणीतरी खाकरलं. भाऊ मागोमाग आला होता. तो पुढे आला, त्याने खाली मान घालून माझ्यावर अंगठा ठेवला, आणि मी उघडलो.

खटला अजून चालू आहे. भाऊ दुसरीकडे राहतो. ताईचं नाव काही साफ झालेलं नाही. मालक वर्षअखेरीपर्यंत थांबले, मग कारखाना दुसऱ्याने घेतला. ताई तिथेच घासते. आई तिच्याशी कामापुरतं बोलते. बंद केलेले नंबर ताईने सुरू केले, त्यामुळे आता मीही दिवसभर केकाटतो. ती प्रत्येक वसुलीवाल्याला तेच सांगते, "तक्रार केलीय, तक्रारीचा नंबर लिहून घ्या."

कधीतरी भावाचा फोन येतो. ती मला बराच वेळ वाजू देते. मग उचलते आणि विचारते, "जेवलास का?" तो हो म्हणतो. 

फोन ठेवला की ती माझं कुलूप नीट लागलंय का, उघडून बघते. त्याचा अंगठा तिने काढून टाकला आहे. आता आकडा आहे, तिचा तिने ठेवलेला. खोलीत कुणी नसलं तरी ती तो हाताआड धरून दाबते. तो मला ठाऊक आहे, पण मित्रांनो, तुम्हाला सांगणार नाही. तुम्हीही तुमचा कुणाला सांगू नका, विचारणारा जेवला की नाही याची तुम्हाला कितीही काळजी असली तरी.