चारशे सतरा नंबर

पडद्यावर उलटी मोजणी संपायला वीस मिनिटं होती, आणि कार्यक्रम ठरवणारा धम्मपाल काही देवानंदला मागच्या सतरंजीवर बसू देईना. "भाऊ, तुमी सामने बसा न. आज तुमचाच प्रोग्राम आहे," म्हणत त्याने त्याला दंडाला धरून पहिल्या खुर्चीवर आणून बसवलं. कॅम्प-१ या कामगार वस्तीच्या विहारात अख्खी वस्ती लोटली होती. हवामानाचा उपग्रह आभाळात जायचा होता आणि त्याला रॉकेटशी जोडणारी रिंग देवानंद मेश्रामच्या हातची होती. शाल तयार होती, धम्मपालचं भाषणही तयार होतं.

फक्त रिंग देवानंदच्या हातची नव्हती, आणि हे तिथे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

स्टील प्लांटच्या मशीन शॉपमध्ये चौतीस वर्षं लेथ चालवून तो रिटायर झाला आणि घरी बसवेना म्हणून जवळच्याच हथखोजच्या एका लहान कारखान्यात लागला. तिथे अशा बारा रिंगांचं काम आलं, त्यांतलीच एक या उपग्रहाला लागायची होती. इतकं नाजूक काम त्याने जन्मात केलं नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी त्याने घरी सांगितलं, आणि बातमी आठ दिवसांत वस्तीभर झाली. रिंगा उतरल्या त्या केसाचाही फरक न पडता. मग त्याने पंच आणि हातोडी घेतली आणि प्रत्येकीवर आपला नंबर ठोकला, चारशे सतरा. प्लांटमध्ये ज्याचं काम त्याचा नंबर. पुढे काही बिघडलं तर जबाब द्यायला माणूस सापडला पाहिजे. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं की कुठेही खूण ठोकू नये. त्याने मापं दहादा वाचली होती, तो कोपरा वाचला नव्हता. ठोकलेल्या जागी धातू तडकू शकतो, असं तपासनिसाने शांतपणे सांगितलं आणि बाराच्या बारा बाजूला काढल्या. काम दुसरीकडे गेलं.

घरी त्याने तोंड उघडलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता आठ महिने गेले.

आता धम्मपाल शाल उलगडू लागला. शेजारी बायको, विजया, नवी साडी नेसून बसली होती. त्याने खालच्या आवाजात तिला सगळं सांगून टाकलं. ती चिडेल असं त्याला वाटलं होतं.

"मंग उठा अन् सांगा," ती म्हणाली. "ते शाल घरी आनली तर मले रोज पाहा लागन."

तो उठला.

"माह्या रिंगा गेल्या नाई. मी त्यायच्यावर माहा नंबर ठोकला, म्हनून नापास झाल्या. चूक माही आहे. सांगाले उशीर केला, तेही माहीच."

धम्मपाल हातातली शाल तशीच धरून उभा राहिला. तेवढ्यात रॉकेट सुटलं आणि लोकांना बघायला दुसरं काही मिळालं, याचं देवानंदला बरं वाटलं. टाळ्या झाल्या. मग सगळे चहाकडे वळले.

तो बसून राहिला. रिंगेचं खरं काम अजून व्हायचं होतं. उपग्रह रॉकेटपासून सुटा होतो, तेव्हाच तिची परीक्षा. वस्तीतली सगळ्यांत म्हातारी गिरजाबाई त्याच्याजवळ येऊन टेकली.

"मंग वर गेली ते रिंग कोनं बनवली रे?"

"मालूम नाई, मावशी. तिच्यावर कोनाचाच नंबर नसन."

पंधरा मिनिटांनी पडद्यावरचा आवाज म्हणाला, उपग्रह सुटा झाला. विहारात कुणाचं लक्ष नव्हतं. देवानंद खुर्चीतून उठला आणि एकट्यानेच टाळ्या वाजवू लागला.