चौथ्या तापसाचा चेहरा

तीन बहिणींतली मधली, म्हणून घरीदारी तिला मधलीच म्हणत. संग्रहालयाच्या तळघरात ती जुन्या शिल्पांची डागडुजी करायची. इतक्या वर्षांत तिने एकच नियम मोडला, तोही प्रेमापोटी.

कुठल्याशा बौद्ध स्तूपावरचा तो शिल्पपट होता. पर्णकुटीपुढे चार जटाधारी तापस बसलेले, जवळ कमंडलू, एक हरीण. चौथ्याचा चेहराच उडालेला. नियम असा, की गेलेला चेहरा मनाने घडवायचा नाही. चुनखडी आणि डिंकाचा सपाट भराव करायचा, ओल्या कापसाने कधीही पुसता येईल असा. पण मधलीचे हात शिवशिवले. तिने तिथे त्याच भरावातून आपल्या बाबांचं नाक बसवलं, बाबांची हनुवटी बसवली. जन्मभर शिवणयंत्रापुढे बडबड करणारा, चहासाठी जीव टाकणारा शिंपी तपाला बसलेला बघून तिला हसू आवरेना. साहेबांना तिने ताकास तूर लागू दिली नाही.

त्याच संध्याकाळी बाबांनी चहा परत पाठवला. दुसऱ्या दिवशी जेवण. मग तोंडाला कुलूपच. पलंगावर मांडी घालून, डोळे अर्धवट मिटून ते नुसते बसून राहिले.

"नाडी उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले.

"उत्तम कसली? हात लावून बघा की, गारठलेत," आई म्हणाली.

सातव्या सकाळी आईने त्यांचं कपाळ पुसलं, तर फडक्याला दगडाची भुकटी लागली. मधली तशीच तळघराकडे धावली.

तिने ओला कापूस घासघास घासला. भराव सुटेना. पांढरा राहिलाच नव्हता तो. बाजूच्या तिघांसारखा करडा, तसाच झिजलेला, त्याच दगडाचा झाला होता.

"बाबा, पुरे झालं ना आता," ती रडत म्हणाली. मग नोकरी गेली खड्ड्यात म्हणत तिने छिन्नी त्या गालाला लावली आणि हातोडीचा एक घाव घातला. नखाएवढा टवका उडाला.

फोन वाजला. आईचा आनंद आवाजात मावत नव्हता.

"अगं, बाबा बोलले! आत्ता, या क्षणी!"

मधलीच्या जिवात जीव आला. "काय म्हणाले?"

"म्हणाले, मधलीला सांग, हळू मार. म्हणजे काय गं?"

छिन्नी अजून गालावरच होती, आणि चेहरा तर जवळजवळ सगळाच उरला होता.