बैठकीत शिरलेली खुर्ची

मी पांढऱ्या प्लास्टिकची खुर्ची बोलतेय. इलोइलो शहरातल्या एका इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात माझं अर्धं आयुष्य गेलं. आमच्याकडे रुग्ण एकटा येत नाही. सोबतीला घरचं माणूस, म्हणजे 'बांताय', असतंच. ते माझ्यावर बसून पेंगतं, उठलं की रुग्णाला पेज भरवतं. असं ओझं वाहून माझा एक पाय वाकडा झालाय, पण त्याची मला खंत नाही.

वरच्या मजल्यावर गादीच्या खुर्च्या. इस्पितळाचे निर्णय तिथे होत. नर्सही तिथे जायच्या, पण पान्सितच्या शेवया वाढायला. वाढून झालं की भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. कोणी विचारलंच तर "हो, डॉक" म्हणायच्या आणि खाली येऊन मनसोक्त कुरकुरायच्या. मोठ्यांना तोंडावर नाही म्हणायचं कसं!

एकदा वर ठरलं, वॉर्ड मोकळा दिसावा म्हणून बांतायच्या खुर्च्या काढायच्या. नर्स म्हणाल्या, "हो, डॉक." आमची रवानगी गोदामात झाली. त्याच आठवड्यात लेकीच्या खाटेपाशी दिवसभर उभी राहिलेली एक म्हातारी चक्कर येऊन पडली, मनगट मोडलं. तिला उचलणाऱ्या नर्स नेनिता पाल्मारेस त्या दिवशी जेवल्या नाहीत.

पुढच्या बैठकीआधी त्या गोदामात आल्या आणि मला फडक्यानं पुसू लागल्या. मागून धाकटी नर्स मायला आली.

"मानांग, खुर्ची कुठे नेताय?" थोरल्या बहिणीला आमच्याकडे मानांग म्हणतात.

"वर. मला बसायचंय."

"आणि पान्सित कोण वाढणार?"

"डॉक्टरांना हात आहेत की."

वर बैठकीत संचालक डॉक्टर सुमागायसाय चष्म्यावरून बघत राहिले. "नेनिता, ही खुर्ची खालची ना?"

"हो, डॉक. म्हणूनच आणली. वॉर्डाचं ठरवताना वॉर्डातल्या नर्सचं मत मोजा. नुसतं विचारू नका. मागच्या वेळी मी भिडेपोटी हो म्हणाले आणि ती म्हातारी पडली."

पान्सितला कोणी हात लावेना. नेनिताबाई माझ्यावर ताठ बसल्या होत्या, आवाज ठाम होता. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

"बरं," डॉक्टर म्हणाले, "तुझं मत मोजू. बोल, खुर्च्यांचं काय करायचं?"

गोदामातल्या माझ्या बहिणी वॉर्डात परतल्या. मी मात्र वरच राहिले. आता नर्सनी निवडून दिलेली नर्स माझ्यावर बसते आणि मत देताना वर केलेला तिचा हात इतरांच्या हाताबरोबर मोजला जातो. सध्या ती नर्स नेनिताबाईच; परवा एका निर्णयावरच्या मतदानात त्या हरल्या, तरी खाली जाऊन कुरकुरल्या नाहीत.

आता त्या निवृत्त होताहेत. माझ्या जागी गादीची खुर्ची आणू, असं वरचे डॉक्टर म्हणतात. आणा हवं तर, मी खाली जाईन, तिथेही काम आहेच. पण मायला, आता तुझी पाळी. खुर्ची कसलीही असो, भिंतीपाशी परत जाऊ नकोस.